सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गशीर्ष जवळ आला की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात: कधी, कसं, कुठे राहायचं, आणि दोन दिवसांनी हळूच, "एक घोडी बघितली आहे, घेऊ का?" त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फक्त बघायला जाणाऱ्यांना पहिली अकरा उत्तरं पुरतील. खिशात पैसे घेऊन जाणाऱ्यांनी बारावं उत्तर वाचल्याशिवाय निघू नये.

१. सारंगखेड्याची यात्रा नेमकी कधी भरते? तारीख दरवर्षी पुढेमागे का होते?

यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे साधारण पंधरवडाभर चालते. तारीख तिथीवर ठरत असल्यामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून दत्तजयंती २६ डिसेंबरला आली. २०२४ मध्ये ती १४ डिसेंबरला होती, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती परत २३ डिसेंबरला गेली आहे.

यात एक खाचही आहे. दत्तजन्म संध्याकाळचा मानतात, म्हणून संध्याकाळी पौर्णिमा असलेला दिवस धरला जातो. २०२४ मध्ये कॅलेंडरात पौर्णिमा १५ तारखेला छापलेली होती आणि दत्तजयंती १४ ला. सुट्टी टाकताना 'पौर्णिमा' शोधू नका, 'दत्तजयंती' शोधा.

२. यात्रा, घोडेबाजार आणि चेतक फेस्टिव्हल हे तीन वेगळे कार्यक्रम आहेत का?

जागा एक, दिवस जवळपास तेच, पण मामला तीन तऱ्हेचा. मूळ आहे ती एकमुखी दत्ताची यात्रा: दर्शन, पालखी, नवस, पाळणे, भांड्यांची आणि शेतीच्या अवजारांची दुकानं. तिच्या आधाराने वाढला तो घोडेबाजार. तो तीनशे वर्षांहून जुना असल्याचं सांगितलं जातं. मराठ्यांच्या फौजांसाठी इथून घोडे जात, असंही गावात सांगतात. चेतक फेस्टिव्हल त्यामानाने अगदी अलीकडचा. राज्याच्या पर्यटन विभागाचा हात लागला आणि तंबूंचं गाव, अश्वस्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम आले. नाव अर्थातच महाराणा प्रतापांच्या घोड्यावरून.

हा फरक सांगायचं कारण असं, की फेस्टिव्हलचं वेळापत्रक बघून आलेला माणूस संध्याकाळी दिवे आणि गर्दी बघून परत जातो. बाजार मात्र सकाळी असतो, आणि त्याचं वेळापत्रक कुठे छापलेलं नसतं.

३. दोनच दिवस काढता येतात. कोणते काढावेत?

तुम्हाला काय बघायचं आहे त्यावर ठरवा.

घोडे बघायचे असतील तर दत्तजयंतीच्या आधीचे दोन-तीन दिवस किंवा लगेच नंतरचे दोन-तीन दिवस. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले व्यापारी जयंतीच्या आधीपासून ट्रक उतरवू लागतात. ताजा माल तेव्हाच दिसतो, आणि माणसांकडे बोलायला वेळही असतो. पहिला आठवडा उलटला की चांगली जनावरं बरीचशी गेलेली असतात. मग दावणी विरळ होतात आणि भाव मात्र नरम होतात.

स्पर्धा बघायच्या असतील तर फेस्टिव्हलची त्या वर्षीची पत्रिका जाहीर होईपर्यंत थांबा. त्यांचे दिवस दरवर्षी बदलतात.

देवदर्शनाला यायचं असेल तर जयंतीचा दिवस, पण मग घोड्यांची आशा कमी ठेवा. त्या दिवशी सगळा खान्देश रस्त्यावर असतो. रविवार आणि जयंती एकत्र आले तर मी स्वतः घरी बसणं पसंत करीन.

एक नक्की करा: एक रात्र जवळपास मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाजारात. थंडीत घोड्यांच्या पाठीवर अजून झुली असतात, मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, खरारा करत (ब्रशने अंग घासत) असतात, तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात चंदी, म्हणजे दाणा, भरली जात असते. ऊन चढलं की घोडे फिरवायला काढतात. खरं गिऱ्हाईकही तेव्हाच येतं. अकरानंतर गर्दी हौशी लोकांची. दुपारी एक ते तीन काहीच घडत नाही, तेव्हा जेवून घ्या.

४. मुंबई-पुण्याहून कसं यायचं? रेल्वे आहे का?

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर आहे. जवळचं स्टेशन दोंडाईचा, सुरत-भुसावळ मार्गावरचं. तिथून शहाद्याच्या रस्त्याला लागायचं आणि तापीचा पूल ओलांडला की गाव. साध्या दिवशी अर्ध्या तासाचं काम, यात्रेत त्याच्या दुप्पट धरा. नंदुरबार स्टेशनवर जास्त गाड्या थांबतात, पण तिथून रस्ता लांब पडतो.

मुंबईकरांना सुरतमार्गे भुसावळला जाणारी खान्देश एक्सप्रेस सोयीची. ती रोज धावत नाही, त्यामुळे वार बघून आरक्षण करा. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी धुळ्यापर्यंत यावं आणि तिथून दोंडाईचामार्गे. एसटी यात्रेसाठी जादा गाड्या सोडते. स्वतःची गाडी असेल तर गावाच्या बाहेर लावायची तयारी ठेवा आणि परतीला अंधार पडण्याआधी निघा. ऊस आणि कापसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याशिवाय चालतात, हे त्या रस्त्यावरचं सगळ्यात मोठं संकट.

५. राहायची सोय काय? खूप थंडी असते का?

तापीकाठी फेस्टिव्हलचे तंबू असतात. ते आधी आरक्षित करावे लागतात आणि खिशालाही जड जातात. बाकी लॉज शहादा, दोंडाईचा, नंदुरबार आणि धुळ्याला. शहादा सगळ्यात सोयीचं, कारण तिकडून येताना तापीचा पूल आणि त्यावरची कोंडी लागत नाही.

थंडीला हलक्यात घेऊ नका. दिवसा सदऱ्यावर भागतं, पण डिसेंबरात नदीकाठी पहाटे हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी, आणि धुळीसाठी एक मोठा रुमाल आणा. मातीत चालायला बंद बूट हवेत, चपला नकोत. घोड्याचा खूर पायावर पडला की कारण कळेल.

६. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना आणलं तर चालेल का?

चालेल, पण वेगवेगळ्या वेळी आणा. मुलांना सकाळी बाजार दाखवा आणि हात सोडू नका. घोडा फिरवायला काढला की व्यापारी "हटो, हटो" ओरडतो आणि वाट मोकळी होईल असं धरून चालतो. आपल्या मुलासाठी तो थांबणार नाही. ज्येष्ठांना मंदिराकडची बाजू बरी. बाजारात बसायला जागा नाही आणि धूळ खूप. दमा असलेल्यांनी, घोड्याच्या केसांची अॅलर्जी असलेल्यांनी विचार करून यावं.

धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर यायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या. या रोगाचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तिथल्या मातीत असतात, आणि बाजारात खरचटणं ठरलेलं. घोडा चावला तर जखम साबणाने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजचा विचार तिथेही करावा लागतो.

७. घोड्याजवळ कसं जायचं? हात लावला, खायला दिलं, फोटो काढले तर चालतं?

आधी मालकाला विचारा. "रामराम, बघू का?" एवढं पुरतं. होकार मिळाला की घोड्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असं, आवाज देत जा. पहिला हात मानेवर, तोंडावर नाही. पाठीमागून कधीही नाही, आणि दोन घोड्यांच्या मधल्या फटीत तर मुळीच नाही. दावणीला घोडा आणि घोडी शेजारी असतील तर त्या टोकाला जाऊच नका.

खायला काही देऊ नका. घोड्याला ओकारी काढता येत नाही. चुकीचं किंवा जास्तीचं पोटात गेलं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावू शकतं. तुम्ही दिलेल्या जिलेबीने लाखाचा घोडा आडवा झाला तर काय होईल, हे सांगायला नको.

फोटो विचारून काढा. फ्लॅश बंद ठेवा. ड्रोन आणूच नका. डोक्यावर काही घोंघावलं की दावणीची दावण उधळते.

८. कोणत्या जातीचे घोडे दिसतात? मला सगळे सारखेच वाटतात.

पहिल्यांदा कान बघा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतील अशी. दोन्हींत फरक करायचा तर मारवाडी उंच, लांब मानेचा, ताठ. काठेवाडी जरा आखूड बांध्याचा, कपाळ रुंद, चेहरा थोडा खोलगट. बाजारात सगळ्यात जास्त बोलबाला मारवाडीचा. पंजाबी माल उंचीवर विकला जातो. कच्छी-सिंधी घोडा चालीसाठी घेतात.

आपल्याकडचा म्हणाल तर भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातला हा काटक, ठेंगणा घोडा पेशव्यांच्या काळात फौजेचा कणा होता. नंतर त्याला कुणी वाली उरला नाही. धनगरांच्या बिऱ्हाडासोबत, ओझी वाहत तो टिकला. अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. सारंगखेड्यात त्याला दिमाखात कुणी मिरवत नाही, पण तट्टूंच्या बाजूला नीट बघितलंत तर सापडेल.

उंची इंचात सांगतात आणि ती पाठीच्या सुरुवातीच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. "चौसष्ट इंच" ऐकलं की टेप मागा. मान वर ओढून धरलेला घोडा डोळ्यांना दोन इंच जास्त दिसतो.

९. पांढरा घोडा म्हणजे नुकराच ना?

नाही, आणि याच गैरसमजावर बरेच पैसे कमावले जातात. नुकरा जन्मापासून पांढरा असतो. त्याची कातडी गुलाबी असते. नाकपुड्या, पापण्या, शेपटीखाली बघा. कधीकधी डोळे निळसर. दुसरा पांढरा घोडा जन्मतो गडद रंगाचा, मग सब्जा, म्हणजे राखाडी, होतो, वयाबरोबर पांढरा पडत जातो. त्याची कातडी काळीच राहते. वरातीला दोन्ही सारखेच शोभतात, भाव मात्र वेगळा असतो. नुकऱ्याची गुलाबी कातडी आपल्या उन्हात भाजते, सावलीची सोय नसेल तर त्याच्या नादी लागू नये.

उलट बाजूचीही फसवणूक होते. २०२२ साली पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात काळा म्हणून लाखो रुपयांना विकलेला घोडा अंघोळ घातल्यावर तांबडा निघाल्याची तक्रार पोलिसात गेली होती. काळ्या घोड्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघायला लाजू नका.

१०. बातम्यांत 'कोटीचा घोडा' येतो. तो खरंच विकला जातो?

क्वचित. बहुतेकदा तो विकायला आणलेलाच नसतो. त्याचा मालक पैदाशीसाठी घोड्यावर घोडी दाखवण्याचे पैसे घेतो, आणि एक कोटीची बोली नाकारल्याची बातमी म्हणजे त्या धंद्याची फुकट जाहिरात. यात वाईट काही नाही. घोडा बघण्यासारखा असतो, अवश्य बघा. फक्त बाजाराचा भाव त्यावरून ठरवू नका. खरा व्यवहार त्याच्या शंभर पावलं पलीकडे, काही दहा हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या जनावरांत, आरडाओरडा न करता चाललेला असतो.

११. स्पर्धांमध्ये बघण्यासारखं काय? नाचणारे घोडे बघून वाईट वाटतं.

माझ्या मते रेवाल चालीची स्पर्धा चुकवू नये. दुडकीत घोडा कर्णातले पाय एकत्र टाकतो, त्यामुळे स्वार उडतो. रेवालात एका अंगाचे पाय जवळपास एकत्र पडतात, पाठ स्थिर राहते आणि वेग तरीही भरपूर. पट्टीच्या स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही म्हणतात. रेवाल सोडून घोडा चौखूर उधळला की बाद. बघताना घोड्याच्या तोंडाकडे नाही, स्वाराच्या खांद्याकडे बघा. खांदे हलत नसतील तर चाल खरी. सौंदर्यस्पर्धेत जातीची लक्षणं, बांधा आणि पाय बघतात. जाती ओळखायच्या कशा ते आठव्या उत्तरात आहे.

नाचाबद्दल मतं दोन आहेत. हलगीच्या ठेक्यावर सावकाश शिकवलेला घोडा आणि तोंडातल्या वेदनेने उड्या मारणारा घोडा यांत फरक असतो. तोंडातून रक्तमिश्रित फेस, सतत वर झटकलेलं डोकं, फाटलेले ओठाचे कोपरे दिसले तर लगाम काटेरी असू शकतो. अशा लगामाला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. मालकाशी भांडू नका. बाजारात पशुसंवर्धन विभागाचा कक्ष आणि पोलीस चौकी असते, तिथे सांगा.

१२. पहिलाच घोडा घ्यायचा आहे. काय काय बघू?

पहिल्या वर्षी काहीच घेऊ नका. बघा, विचारा, परत जा. हे कुणाला आवडत नाही, म्हणून पुढचं लिहितो.

एक जाणता माणूस सोबत न्या, पण तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. दलाल दोन्हीकडून दलाली घेतो, हे गृहीत धरा. आवडलेलं जनावर तीन वेगवेगळ्या वेळी बघा, त्यातली एक वेळ पहाटेची, न सांगता. रात्रभर उभा राहिलेला घोडा पहिली दहा पावलं कशी टाकतो, त्यात सगळं दिसतं. दिवसभर फिरवून 'गरम' केलेला लंगडा घोडा संध्याकाळी लंगडत नाही.

बाजारातली माती मऊ असते आणि ती लंगडेपणा झाकते. घोडा डांबरी रस्त्यावर नेऊन हातात दोर सैल धरून दुडकीने पळवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. मग उलटा फिरवा, दोन पावलं मागे सरकवा.

चारही पाय उचलून बघा. खुरांना चिरा, ऊब, दुर्गंधी आहे का? नालबंदाला पाय देतो का? डोळ्याजवळ हात न्या, वारा लागू न देता. पापणी हलली नाही तर त्या डोळ्याने दिसत नसावं. पुढचे दात वेडेवाकडे झिजलेले असतील तर लाकूड दातात धरून हवा गिळण्याची खोड असू शकते, आणि ती खोड जात नाही. तुमच्या देखत जीन चढवायला, लगाम घालायला आणि आधी मालकाला बसायला सांगा. फार शांत, पेंगुळलेला, खालचा ओठ लोंबणारा घोडा असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. औषध उतरलेलं असेल.

'गाभण आहे' या शब्दावर एक रुपयाही जास्त देऊ नका. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, आणि मोठं पोट चाऱ्यानेही होतं. पशुवैद्याने तपासून सांगितलं तरच खरं.

शेवटचं गणित घरी करून या. चारशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडा चारा लागतो, वर चंदी, पंचवीस-तीस लिटर पाणी, दर दीड-दोन महिन्यांनी खुरांची काळजी, आणि रोज तासभर तुमचा. घोडा परवडतो, त्याचा सांभाळ परवडत नाही, अशी माणसं बाजारात दुसऱ्या वर्षी विकणारी म्हणून दिसतात.

१३. दातांवरून वय कळतं म्हणतात. मला जमेल का?

पाच वर्षांपर्यंत जमेल. खालचे पुढचे सहा दात बघा. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास दुधाची पडून पक्की येते, शेजारची साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. पाचाला तोंड पुरं. पुढे वय झिजेवरून ठरतं आणि तिथे जाणत्याचं काम. एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: वरच्या कोपऱ्याच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराला ती अर्ध्यावर येते, विसाला टोकाला. "आठ वर्षांची आहे" म्हणणाऱ्याच्या घोडीच्या दातावर ती खाच अर्ध्यावर उतरलेली असेल तर नमस्कार करून पुढे चला. दात कानसून वय लपवणारेही आहेत, म्हणून नुसत्या दातांवर विसंबू नका.

१४. गोम, भोवरे, देवमण यांवर विश्वास ठेवायचा का? घरचे ऐकत नाहीत.

भोवरा म्हणजे केस वळण्याची जागा (गोम, देवमण हे त्याचेच प्रकार). त्याने घोड्याची तब्येत बदलत नाही आणि मालकाचं नशीबही. पण भाव बदलतो, हे नाकारून चालणार नाही. गळ्यावर देवमण असेल तर विकणारा चार पैसे जास्त मागणार, डोळ्याखाली भोवरा असेल तर गिऱ्हाईक तोंड फिरवणार. पंचकल्याणीला, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्याला, मान जास्त.

मी तर अशुभ ठरवलेल्या भोवऱ्याचे सुदृढ घोडे मुद्दाम बघतो, स्वस्त मिळतात. तुम्हाला तो पुढे विकायचा असेल तर मात्र तोच तोटा तुमच्याही वाट्याला येईल. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा जाणत्याला आधीच विचारून ठेवा. घोडा दारात आल्यावर मावशींनी गोम शोधली तर परत पाठवायला तो काही साडी नव्हे.

१५. सौदा ठरला. पैसे आणि कागद कसे करायचे?

इसार थोडा द्या, आणि घोडा ताब्यात मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. काही जुने व्यापारी अजून रुमालाखाली बोटांनी भाव करतात. तुम्हाला ते येत नसेल तर सरळ तोंडी बोला, कुणी हसत नाही.

खरेदी-विक्रीची नोंद बाजार समितीच्या कक्षात होते. तिथे पावती करून घ्या. पावतीवर दोघांची नावं-पत्ते, घोड्याचा रंग, उंची, वय, भोवरे आणि अंगावरच्या खुणा, किंमत. आधार कार्डाच्या झेरॉक्स बरोबर ठेवा. मारवाडी घोडा 'नोंदणीकृत' म्हणून विकत असतील तर त्याचा पासपोर्ट (ओळखपत्र) मागा आणि मायक्रोचिपचा क्रमांक यंत्राने जुळवून बघा. कागद एका घोड्याचा आणि दोर दुसऱ्याच्या गळ्यात, असं होऊ शकतं.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे, तुकडे पाडूनही. मोठी रक्कम बँकेतूनच द्या. यूपीआयवर सगळी भिस्त नको, गर्दीत नेटवर्क बसतं. चहा, चारा, हमालीसाठी सुटे पैसे जवळ असू द्या.

१६. माझा घोडा विकायला किंवा स्पर्धेला न्यायचा आहे. तयारी काय?

तयारी किमान महिनाभर आधी सुरू करा, कारण सगळ्यात जास्त वेळ रक्ततपासणीला लागतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा रोग माणसालाही होतो. त्यावर लस नाही, आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. म्हणून यात्रांमध्ये ग्लँडर्स नसल्याचा अहवाल मागतात. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्तनमुना घेऊन तो हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. वाहतुकीसाठी पशुवैद्याचा दाखला वेगळा.

बाजारात स्वतःची बादली, स्वतःचा तोबरा, स्वतःचा खरारा. सार्वजनिक हौदावर पाजू नका. शेजारच्या घोड्याच्या नाकातून घट्ट शेंबूड वाहत असेल, अंगावर गाठी-फोड असतील, तर दावण हलवा आणि पशुसंवर्धन कक्षाला कळवा. परत आल्यावर, घोडा नवा असो की जुना, दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळा बांधा. विकत घेणाऱ्यांनाही हेच लागू.

'लम्पी'मुळे बाजार बंद होईल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. तो गाई-म्हशींचा रोग, घोड्यांना होत नाही. गुरांचा बाजार बंद असला म्हणजे घोड्यांचा बंद असेलच असं नाही. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचा त्या वर्षीचा आदेश बघा.

१७. सारंगखेडा हुकलं तर दुसरीकडे कुठे?

त्याआधी दिवाळीत अकलूजचा घोडेबाजार असतो, सोलापूर जिल्ह्यात. कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर. तिथे न विकलेले बरेच घोडे पुढे सारंगखेड्यालाच येतात. सारंगखेड्यानंतर, मार्गशीर्षाच्याच वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, घोड्यांबरोबर गाढवं आणि उंटही. जानेवारीत पंजाबात मुक्तसरचा माघी मेळा. मराठवाड्यातल्यांनी माळेगाव आधी बघावं असं मला वाटतं. तिथे देखावा कमी आणि बाजार जास्त आहे.

१८. आसपास बघण्यासारखं आणि खाण्यासारखं?

प्रकाशा जवळ आहे, तापी-गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात. एक दिवस जास्त असेल तर सातपुड्यात तोरणमाळ. नंदुरबारवरून जात असाल तर मिरचीच्या पथारी बघा. या दिवसांत मैदानंच्या मैदानं लाल असतात, पण गाडीची काच वर ठेवून बघा.

खाण्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, शेवभाजी, खापरावरचे मांडे. शेवभाजीला "मीडियम" म्हणालात तरी ती खान्देशी मीडियम येते. आणि अहिराणीत दोन शब्द बोललात तर चहाचे पैसे कुणी घेणार नाही.

१९. अमेरिकेतून सुट्टीवर येतोय. घोडा तिकडे नेता येईल का? आणि बाजारात फिरल्यावर परतताना काही अडचण?

घोड्याचं विसरा. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी जातींची निर्यात परवान्याशिवाय होत नाही, आणि परवाना मिळाला तरी तपासण्या आणि विलगीकरण यांत पैसा आणि महिने जातात. देशातच कुणाच्या तरी पागेत ठेवून सुट्टीत बसायला येणारे आहेत, तो मार्ग त्यामानाने सोपा.

परतण्याबद्दल मात्र काळजी घ्या. तिकडे उतरल्यावर सीमाशुल्क तपासणीत जनावरांजवळ, शेतावर गेला होता का, असा प्रश्न असतो. "हो" सांगा. लपवल्यास दंड होऊ शकतो, सांगितल्यास बहुतेकदा बूट तपासून सोडतात. बाजारात घातलेले बूट शहाद्यातच तळापासून ब्रशने धुवा, लिदीचा कण राहू देऊ नका, कपडे गरम पाण्यात धुवून बांधा. चामड्याचा लगाम, झूल, घंटा नेता येतात. कडबा किंवा गवत भरलेलं खोगीर मात्र नेऊ नका, ते तिथेच काढून घेतील.